मास्तर पारखून घ्या

(खेड्यांतील शाळेच्या पालकसभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आजचा माझा विषय ऐकून आमच्या धंद्यांतील कांहीं मंडळी नाराज झाली आहे. मास्तरानेंच उठून "मास्तर नेमण्यापूर्वीं त्याची चौकशी करा" असें सांगावें, म्हणजे आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेणें आहे, असें त्यांचें म्हणणें. मला तसें वाटत नाहीं. ज्याचें नाणें खरें आहे त्यास तें वाजवून दाखविण्याची भीति कसली? न वाजवतां खपावें असें खोट्या नाण्याच्या धन्यासच वाटतें.

आपण शेतकरी व कारागीर माणसें. पारख हा आपला रोजचा उद्योग आहे. बाजारांत बैल घेतांना आपण दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों. आणि तेवढ्यावर न थांबतां विकणाऱ्याच्या गांवचा कोणी गांठून, बैल मारका आहे काय, औताला बसतो काय, हें विचारतों. मडकें घेतांना तें बोटानें वाजवून घेतों. सोनार कस लावल्यावांचून सोनें हातीं धरीत नाहीं. सालगडी ठेवावयाचा तर मागील साल कोणाकडे होता आणि तेथून कां निघाला, हें विचारल्याशिवाय कोणी त्याच्या हातीं गोठा देत नाहीं. पण ज्याच्या हातीं आपण पोटचें लेंकरूं रोज पांच-सहा तास देतों, तो कोण, कोठून आला, आधींच्या गांवीं कसा वागला, हें आपल्यापैकीं कितीजणांनीं कधीं विचारलें आहे? मास्तर आला, हजेरी घेऊं लागला, कीं आपली चौकशी संपली. बैलास जी पारख लावतों ती मास्तरास लावीत नाहीं, याचें मला मोठें नवल वाटतें.

कोणी म्हणेल, पूर्वीं अशी चौकशी नव्हती. पूर्वींही चौकशी होती. पण ती जातीची होती. आधीं कूळ पाहावयाचें. विद्या व वर्तन मागाहून, किंवा मुळींच नाहीं. सन १८४८ मध्यें जोतीराव फुल्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. त्या वेळच्या प्रतिष्ठितांनीं त्यांची कोणती परीक्षा घेतली? बाई चांगलें शिकविते काय, मुलींवर माया करते काय, हें कोण पाहतो! शूद्राची बायको शिकवावयास निघाली, एवढाच गुन्हा. रस्त्यानें जातांना त्यांच्या अंगावर शेणमाती पडली, आणि १८४९ सालीं नवराबायकोस राहतें घर सोडावें लागलें. त्या काळच्या पुढाऱ्यांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावयाचा असता, तर सावित्रीबाईंस तो जन्मांत मिळाला नसता. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचें आहे.

पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं आपलें निवेदन मांडलें. त्यांत मास्तरांविषयीं जें म्हटलें आहे तें आपण सर्वांनीं समजून घेण्याजोगें आहे. प्राथमिक शाळांतील मास्तर जवळजवळ सगळे एकाच वर्गाचे, ट्रेनिंग कॉलेजांतून तयार झालेले थोडे, पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच. असल्या मास्तरांचा शेतकऱ्यांच्या मुलांस कांहीं उपयोग नाहीं, असें त्यांनीं सरकारास बजावलें. शेतकरी वर्गांतून माणसें निवडा, तीं मुलांत मोकळेपणीं मिसळतील, वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास लाजणार नाहींत. त्यांस नीट तयार करा आणि बारा रुपयांहून कमी पगार देऊं नका, अशी त्यांची मागणी होती. मास्तर शिकलेला असावा, मुलांस आपला वाटावा, आणि त्यास पोटापुरती भाकर असावी, ही शिक्षकाची पारख आपल्या चळवळीनें तेव्हांच सांगून ठेविली आहे. आज मी त्यांत एकाच गोष्टीची भर घालतों: त्याच्या हातीं मूल निर्धास्त असावें.

आतां आजची स्थिति पाहूं. मास्तर नेमतांना तीन चाळण्या लावावयाच्या असतात.

पहिली चाळणी विद्येची. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला. त्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकास पात्रता परीक्षा आली आणि आपल्या राज्यांत ती २०१३ पासून होऊं लागली. चाळणी चांगली, पण तिचींच भोकें पैशानें मोठीं केलीं गेलीं. २०१९-२० च्या परीक्षेंत पैसे घेऊन नापासांस पास केल्याचें पुणें पोलिसांनीं २०२१ च्या डिसेंबरांत उघडकीस आणलें, आणि २०२२ सालीं सात हजारांहून अधिक उमेदवार बाद ठरविले गेले. २०२५ सालीं नागपूर भागांत खोटे शालार्थ क्रमांक तयार करून सरकारी तिजोरींतून पगार उचलल्याचें प्रकरण बाहेर आलें. म्हणजे नुसतें प्रमाणपत्र पाहून भागत नाहीं. ज्यानें तें दिलें त्यास तें खरें काय, हें विचारावें लागतें.

दुसरी चाळणी पोलिसांची. मुलांस लैंगिक अत्याचारांपासून वांचविण्यासाठीं २०१२ सालीं कायदा झाला, त्यास पोक्सो म्हणतात. त्याचे नवे नियम २०२० सालीं आले. मुलांशीं ज्यांचा नेहमीं संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेनें, मग ती शाळा असो, पाळणाघर असो कीं खेळाचें शिक्षण देणारी संस्था असो, आपल्या प्रत्येक नोकराची पोलीस पडताळणी व पूर्वचौकशी केली पाहिजे, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. नोकर शिकविणारा असो वा न शिकविणारा, कायम असो वा कंत्राटी, कोणी सुटत नाहीं. शिवाय ती ठराविक मुदतीनें पुन्हा पुन्हा करावयाची आहे. एकदां केली कीं जन्माची सुटका, असें नाहीं.

हा नियम २०२० चा, आणि बदलापूरचें प्रकरण २०२४ चें. तेथील एका शाळेंत सुमारें चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. ज्याच्यावर आरोप होता तो मास्तर नव्हता. कंत्राटदारामार्फत १ ऑगस्टला कामावर आलेला सफाई कामगार होता. त्यास येऊन पंधरवडाही झाला नव्हता. आईबाप पोलीस ठाण्यावर गेले, तर तक्रार लिहून घेण्यासाठीं त्यांस तासन् तास ताटकळत बसावें लागलें. २० ऑगस्टला लोकांनीं आगगाड्या अडविल्या. २१ ऑगस्टला शासननिर्णय निघाला: शाळेंत कॅमेरे लावा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, असा प्रकार घडल्यास चोवीस तासांच्या आंत वरिष्ठांस कळवा. २२ ऑगस्टला मुंबईच्या उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकरणांत हात घातला. नियम चार वर्षें पुस्तकांत निजला होता. लोक रुळांवर जाऊन बसले तेव्हां तो जागा झाला.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्या. चौकशी मास्तराची करून शिपाई, खिचडी शिजविणारा, गाडीवाला, पहारेकरी, खेळ शिकविणारा यांस मोकळें सोडलें, तर पुढचें दार लावून परसदार उघडें ठेवल्यासारखें होईल. कंत्राटदाराचा माणूस म्हणजे कंत्राटदाराची जबाबदारी, असें संस्थावाले सांगतात. मूल कंत्राटदाराच्या हवालीं केलेलें नसतें. तें शाळेच्या हवालीं केलेलें असतें.

परंतु पोलिसांचा दाखला म्हणजे काय, हेंही समजून घेतलें पाहिजे. आमच्या वहींत या माणसाचें नांव नाहीं, एवढेंच तो दाखला सांगतो. माणूस चांगला आहे असें तो सांगत नाहीं. जेथें तक्रारच झाली नाहीं तेथें वही कोरी राहणार, आणि कोऱ्या वहीवरून दाखलाही कोरा निघणार. लैंगिक गुन्हेगारांची देशभराची एक यादी २०१८ सालीं सुरू झाली. पण ती पोलिसांनीं पाहावयाची, आणि तींत नांवें दोषी ठरलेल्यांचीं. खटला चालूच झाला नाहीं त्याचें नांव तेथें कोठून येणार?

ही अडचण आपल्याकडेच आहे असें नाहीं. इंग्लंडांत सोहॅम नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें २००२ च्या ऑगस्टांत दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी त्या गांवच्या शाळेंत देखरेखीच्या कामावर होता. मागाहून कळलें कीं, तो पूर्वीं ज्या भागांत राहत होता तेथील पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध मुलींसंबंधीं तक्रारी एकामागून एक गेल्या होत्या. पण त्या नीट नोंदून जपून ठेविल्या नव्हत्या. म्हणून नोकरीच्या वेळीं चौकशी झाली तेव्हां त्या पुढें आल्याच नाहींत. सरकारनें चौकशी समिति नेमली, तिचा अहवाल २००४ सालीं आला, आणि मग मुलांत काम करणाऱ्यांच्या पडताळणीची पद्धत तेथें नव्यानें बांधण्यांत आली. एवढें श्रीमंत राज्य, एवढें दप्तर; पण एका गांवची गोष्ट दुसऱ्या गांवास कळली नाहीं, आणि दोन मुली गेल्या.

म्हणून तिसरी चाळणी महत्त्वाची: आधींच्या गांवीं माणूस कसा वागला? ही चाळणी कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं. ती तुमच्याआमच्या हातीं आहे, आणि आपणच ती मोडून टाकली आहे. कशी तें सांगतों.

एखाद्या गांवीं मास्तराविषयीं कुजबुज सुरू होते. मुलगी शाळेंत जावयास रडते. आईस कळतें, ती बापास सांगते, बाप चार वडीलधाऱ्यांस सांगतो. रात्रीं बैठक बसते. कोणी म्हणतो, "पोरीचें नांव होईल, उद्यां तिचें लग्न कसें जमेल?" कोणी म्हणतो, "शाळेची बदनामी होईल." कोणी म्हणतो, "गरिबाच्या पोटावर कशाला पाय देतां? बदली करून टाका." मास्तराची बदली होते, किंवा तो राजीनामा देतो, आणि जातांना संस्था त्याच्या हातीं "वर्तणूक समाधानकारक" असा कागद देते. गांव सुटल्याचा श्वास सोडतें. बंधूंनो, हा कागद म्हणजे पुढच्या गांवावर लिहिलेली हुंडी आहे. ती कोणीं तरी भरावीच लागते, आणि ती भरतें तें परक्या गांवचें एखादें लेंकरूं. तें लेंकरूंही आपल्यासारख्याच कष्टकऱ्याचें असतें. कारण अशा माणसाची बदली होते ती बहुधा आडबाजूच्या वस्तीवर, आश्रमशाळेंत, जेथें बाप ऊसतोडीस गेलेला आणि विचारणारें कोणी नाहीं.

कायदा याबाबत सरळ बोलतो. असा गुन्हा झाल्याचें ज्यास कळलें त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला, तर त्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड. मुलीचें नांव छापण्यास वर्तमानपत्रांस मनाई आहे. म्हणजे "नांव होईल" या भीतीवर कायद्यानें पांघरूण घातलें आहे; बोभाटा करतों ते आपणच. रात्रीची बैठक भरवून मिटवामिटव करणारा वडीलधारा गांवाची अब्रू राखीत नसतो. तो गुन्ह्यास वाट करून देत असतो.

आतां सावित्रीबाईंच्या गोष्टीकडे वळतों. चौकशीचें शस्त्र दुधारी आहे. तें हातीं आलें कीं गांवांतले कांहीं शहाणे त्यानें आपलें जुनें वैर फेडूं पाहतात. नवी बाई मास्तरीण आली, ती परजातीची आहे, तिनें दुसरें लग्न केलें, ती एकटी राहते, म्हणून तिच्या चारित्र्याची चर्चा पारावर सुरू होते. दलित मास्तर आला कीं त्यास घर मिळत नाहीं, आणि वर त्याच्याच वागणुकीवर बोट. कोणा तरुणानें कांद्याच्या किंवा दुधाच्या भावासाठीं रस्ता अडविला असेल, त्याच्यावर पोलिसांत नोंद असेल, तर तेवढ्यानें तो नालायक ठरविला जातो. हें सर्व आपल्या तत्त्वास सोडून आहे. मास्तराची जात, त्याचें लग्न, त्याचें देवदर्शन, त्याचें राजकीय मत, हे पालकांच्या चौकशीचे विषय नव्हेत. विषय एकच: मुलांशीं तो कसा वागला आणि वागतो? त्यासंबंधीं तक्रार असेल तर ती लेखी असावी, तिची रीतसर चौकशी व्हावी, आणि मास्तरासही आपली बाजू मांडूं द्यावी. द्वेषानें खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसास याच कायद्यांत शिक्षा सांगितली आहे, हेंही विसरूं नये.

आणखी एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. अशांच्या कष्टांवर बहुजनसमाजाच्या शाळा उभ्या राहिल्या. आज गांवोगांवच्या संस्थांचे चालक पुष्कळसे आपल्यांतलेच आहेत. मग ज्या संस्थेंत मास्तराची जागा पैसे मोजून घ्यावी लागते, तेथें पारख कोणाची होते? थैलीची. शेत विकून पैसे भरलेला मास्तर संस्थेचा मिंधा नसतो, संस्थाच त्याची मिंधी असते. तो कसाही वागला तरी त्यास काढणार कोण? पूर्वीं जात पाहून मास्तर घेत, आतां थैली पाहून घेतात. दोन्ही वेळां मुलाकडे कोणीं पाहिलें नाहीं. भटशाहीस नांवें ठेवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांस हा प्रश्न आपण तोंडावर विचारला पाहिजे.

मग आपण करावें काय? कायद्यानें प्रत्येक सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळेंत व्यवस्थापन समिति ठेविली आहे. तिचे चार सभासदांत तीन पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. अनुदानित शाळेंत ती नुसता सल्ला देऊं शकते, आणि मास्तर नेमण्याचा अधिकार तिला कोठेंच नाहीं, हें खरें. पण विचारण्यास कोणाची बंदी नाहीं. तिनें मुख्याध्यापकास, संस्थेस किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यास लेखी विचारावें:

पहिलें, या माणसाचीं प्रमाणपत्रें देणाऱ्या मंडळाकडून तपासून आणलीं काय? दुसरें, पोलीस पडताळणी कोणत्या तारखेस झाली? तो आधीं जेथें राहत होता तेथीलही झाली काय, आणि पुन्हा केव्हां होणार? तिसरें, आधींच्या शाळेस पत्र घालून तो तेथून कां निघाला, मुलांसंबंधीं कांहीं तक्रार किंवा चौकशी होती काय, हें विचारलें काय? चौथें, नोकरींत मध्येंच वर्ष-दोन वर्षांचा खंड असेल तर त्याचें कारण काय? पांचवें, कंत्राटी माणसांची पडताळणी कोणीं केली, आणि ते कागद शाळेंत आहेत काय?

कोणाचे खाजगी कागद चव्हाट्यावर मागूं नका. चौकशी झाली कीं नाहीं आणि केव्हां झाली, एवढें उत्तर पुरे. उत्तर न मिळाल्यास तेंच उत्तर समजा, आणि वर अर्ज करा.

बायांनो, शेवटचें सांगणें तुम्हांस आहे. मास्तराची सर्वांत खरी पारख मूल करतें. मूल शाळेंत जावयाचें नाहीं म्हणून रडलें तर पाठींत धपाटा घालण्यापूर्वीं त्यास जवळ घ्या आणि कारण विचारा. तें एखाद्याचें नांव काढून गप्प झालें, तर "मास्तरांविषयीं असें बोलूं नये" म्हणून त्याचें तोंड दाबूं नका. मास्तर म्हणजे देव, ही शिकवण आपल्यास भिक्षुकांनीं दिली. मास्तर हा माणूस आहे. चांगला असेल तर आईबापासारखा, वाईट असेल तर कोल्ह्यासारखा. मदत हवी असल्यास १०९८ हा मुलांसाठींचा टेलिफोन आहे, तो फुकट लागतो. हा आंकडा घरांतल्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेवा.

आमच्यासारख्या बहुसंख्य मास्तरांचें यांत कांहीं जात नाहीं. उलट एका नासक्या माणसामुळें सगळ्या धंद्याकडे संशयानें पाहिलें जातें, तें थांबेल. तुम्ही आम्हांस पारखून घ्या, आणि पारखून घेतल्यावर आमच्यावर विश्वास ठेवा. विश्वासाशिवाय शाळा चालत नाहीं. कंत्राटावर तुटपुंज्या पगारांत राबणाऱ्या मास्तराच्या बाजूनेंही उभे राहा. जोतीरावांनीं पारख आणि पगार या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनांत मागितल्या होत्या, हें विसरूं नका.

माझी सूचना अशी कीं, वर सांगितलेले पांच प्रश्न आजच्या सभेच्या ठरावांत लिहून घ्यावे, त्यावर समितीच्या बायांच्याही सह्या घ्याव्या, आणि उद्यां ते मुख्याध्यापकांच्या हातीं द्यावे. प्रश्नांची पहिली चौकशी माझ्यापासून सुरू करावी, अशी माझी विनंति आहे.